घरी काडतुसं भरायला पुन्हा सुरुवात: एकेरी प्रेस की प्रोग्रेसिव्ह?

अमेरिकेत ट्रॅप किंवा स्कीट (हवेत उडवलेल्या तबकड्यांवर छऱ्यांच्या बंदुकीने नेम धरायचे खेळ) खेळणाऱ्या आणि मध्ये काही वर्षं भरणी, म्हणजे उडालेल्या रिकाम्या खोळी पुन्हा भरणं, सोडलेल्या माणसापुढे साधारण तीन पर्याय असतात: ली कंपनीचं लोड-ऑल, मेक (MEC) कंपनीची एकेरी यंत्रं (600 ज्युनियर, सायझमास्टर) आणि मेकचीच प्रोग्रेसिव्ह (ग्रॅबर, 9000).

आधी हिशोब गेजचा, म्हणजे नळीच्या मापाचा करा (गेजचा आकडा मोठा तितकी नळी अरुंद, .410 त्याहून अरुंद). छऱ्यांच्या 25 पौंडांच्या पोत्यात 400 औंस शिसं असतं. 12 गेजच्या 1⅛ औंसाच्या भरणीत त्यातून 355 काडतुसं निघतात, 28 गेजच्या पाऊण औंसाची 533 आणि .410 च्या अर्ध्या औंसाची 800. शिसं कमी लागूनही 28 आणि .410 ची तयार काडतुसं महाग असतात, म्हणून खरी बचत तिथेच आहे. 12 गेजची स्वस्त तयार पेटी सहज मिळत असेल तर केवळ पैशासाठी यंत्र घेऊ नका. हलकी, खांद्याला सोसणारी भरणी हवी असेल, तर मात्र जरूर घ्या.

ली लोड-ऑल स्वस्त आहे आणि छर्रे आणि बंदुकीची दारू मापून पाडणारे बुशिंग सोबतच येतात. पण बरेच भाग प्लास्टिकचे, आणि पितळी बूड आकारात आणायची रिंग दर वेळी हाताने चढवायची. महिन्याला दोन-चार पेट्यांना पुरे. .410 आणि 28 साठी हे यंत्र नाही, म्हणजे बचत जिथे आहे तिथे ते उपयोगाचं नाही.

600 ज्युनियर आणि सायझमास्टर दोन्हींवर एकच काडतूस एकेका टप्प्यातून पुढे जातं. फरक बुडाचा आहे. 600 वर बूड रिंगमधून दाबलं जातं. सायझमास्टरचं कोलेट (उघडमिट करणारी गोल पकड) ते चहूबाजूंनी आवळतं. दुसऱ्याच्या बंदुकीतून उडालेल्या खोळी वापरणार असाल, किंवा तुमची बंदूक सेमी-ऑटो असेल, तर कोलेटच हवं. नाहीतर काडतूस चेंबरमध्ये अडकतं.

प्रोग्रेसिव्हवर सगळे टप्पे एकदम चालतात आणि एकदा चक्र (खोळी धरून फिरणारी तबकडी) भरलं की प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होतं. ग्रॅबरचं चक्र हाताने फिरवायचं, 9000 जी चं आपोआप फिरतं. वेग मोठा, पण चूकही त्याच वेगाने पुढे सरकते. प्रायमर (खोळीच्या बुडात बसणारी, दारू पेटवणारी टोपी) पडला नाही तर दारू खालच्या भोकातून सांडते, यंत्रात जाते आणि चक्र अडखळायला लागतं. मध्येच थांबलात तर कुठल्या खोळीत दारू पडली आणि कुठल्या नाही, हे कळत नाही. अशा वेळी सगळ्या खोळी काढून रिकाम्या करायच्या, अंदाज बांधायचा नाही. दारू कमी पडली तर वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला प्लास्टिकचा तुकडा) नळीत अडकू शकतो आणि पुढचा बार नळी फाडू शकतो.

आठवड्याला चार-पाच पेट्यांपर्यंत उडवत असाल तर आमचं मत सरळ सायझमास्टरकडे आहे. हात पुन्हा बसेपर्यंत प्रत्येक खोळीत डोकावून दारू पाहता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. त्याहून जास्त उडवत असाल तर 9000 घ्या.

यंत्र कुठलंही असो, तराजू लागतोच. बुशिंगच्या तक्त्यातला आकडा आणि प्रत्यक्ष पडणारी दारू क्वचितच जुळते, बहुतेकदा कमी पडते. यंत्र नेहमीच्या लयीत चालवून दहा मात्रा वेगवेगळ्या तोला. एकेक ओढ थांबून केली तर कंपन बदलतं आणि वजनही.

जुना साठा तपासा. दारूला आंबूस वास येत असेल किंवा तांबूस धूळ दिसत असेल तर ती वापरू नका. जुन्या वहीतल्या मात्रा बाजूला ठेवून दारू बनवणाऱ्या कंपनीचा चालू तक्ता घ्या, आणि त्यातली खोळ, प्रायमर, वॅड, छर्रे जशीच्या तशी ठेवा. आतून निमुळत्या खोळीचा वॅड सरळ खोळीत बसवला तर वायू बाजूने निसटतो. शिशाचा तक्ता पोलादी छऱ्यांना कधीच लावू नका.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. परतताना हे सामान घेऊन येण्याचा विचार नको.

पहिल्या पेटीत क्रिम्प (घड्या घालून मिटलेलं खोळीचं तोंड) नीट बघा. मधोमध भोक राहिलं आणि छर्रे गळले तर वॅड उंच आहे किंवा क्रिम्प पुरेसा दाबला जात नाही. मध्यभाग खोल खड्ड्यासारखा गेला तर दाब वाढतो. घड्या वेड्यावाकड्या आल्या तर क्रिम्प स्टार्टर (घड्या पाडायला सुरुवात करणारा भाग) तपासा: सहा घड्यांच्या खोळीला सहाचा, आठच्या खोळीला आठचा.