रेट्रोआर्चची मांडणी: एकच मुख्य फाइल की खेळागणिक ओव्हरराइड?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी निन्टेन्डो वी या गेम कन्सोलवर रेट्रोआर्च (जुने व्हिडिओ गेम चालवणारे सॉफ्टवेअर) बसवताना मी आधी सगळ्या सेटिंग्ज एकाच मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ठेवल्या. ही पद्धत समजायला सोपी आहे आणि एसडी कार्डावरून तेवढ्या एका फाइलची प्रत काढली की काम भागते. मात्र एका खेळासाठी बदललेले चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण इतर खेळांनाही लागू होते. दुसरी पद्धत ओव्हरराइडची, म्हणजे मुख्य फाइलवर मात करणाऱ्या वेगळ्या फाइलची. ओव्हरराइडमध्ये मुख्य फाइलपेक्षा वेगळ्या सेटिंग्जच तेवढ्या नोंदल्या जातात, आणि कोअर (खेळ प्रत्यक्ष चालवणारा भाग), फोल्डर व खेळ अशा क्रमाने त्या वाचल्या जात असल्यामुळे खेळाची नोंद शेवटी वरचढ ठरते. मला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते. मुख्य फाइल हाताने बदलायची असल्यास रेट्रोआर्च आधी बंद करावे, कारण बाहेर पडताना ते जुन्या सेटिंग्ज पुन्हा लिहू शकते.