गुडघ्याचं स्टेम सेल इंजेक्शन: 8 महिने झाले, मशीनचं डिपॉझिट अजून आलं नाही

लिहायचं लई दिवस टाळलं, पण काल पाय वाकवायची मशीन भाड्यानं देणाऱ्यानं माझा नंबरच ब्लॉक केला, म्हणलं आता लिहूनच टाकू.

वय 43, लातूर, खताचं दुकान, दिवसभर पोती. उजव्या गुडघ्याची गादी (हाडावरचं कूर्चेचं अस्तर) एका जागी रुपयाएवढी उडालेली, खाली हाड उघडं. मे महिन्यात हैदराबादला दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर केलं (हाडाला बारीक भोकं पाडायची, आतनं आलेल्या रक्ताच्या गुठळीतनं नवी गादी धरती) आणि दीड महिन्यानं कमरेच्या हाडातनं 60 एमएल मॅरो (हाडातला मगज, स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी त्यातच असतात) ओढून, यंत्रात गरगर फिरवून, त्यातलं 6 एमएल गुडघ्यात. गुडघ्यात सुई घालताना काही वाटलं नाही, कमरेतनं ओढताना मात्र देव आठवले. हे आधी कुणी सांगत नाही.

आता ती मशीन. ऑपरेशननंतर चार हप्ते पाय आपोआप वाकवणारी सीपीएम लावा म्हणले, रोज दोन तास. भाडं दिवसाला 300, 28 दिवसांचं आधीच घेतलं, वर डिपॉझिट 8 हजार. नवव्या दिवशी 45 अंशावर खर्रर्र करून थांबली ती थांबलीच, पाय आत तसाच, बायको पीठ मळलेल्या हातानं प्लग काढायला पळाली. मशीनवाला म्हणतो तुमच्याकडच्या व्होल्टेजनं मोटार जळली. अरे बाबा, स्टॅबिलायझर लावला होता, फ्रीज चालू, कूलर चालू, टीव्ही चालू, तुझीच तेवढी मोटार जळती काय? उरलेल्या 19 दिवसांचं भाडंही गेलं. त्यानंतर पोरगं टाचेखाली टॉवेल घालून पाय सरकवायचं, फुकटात.

इथपर्यंतचं दिवाळीतच लिहून ठेवलं होतं आणि खाली ‘पैसे पाण्यात’ म्हणून टाकलं होतं, कारण जिना उतरताना कळ तशीच होती. ते आता खोडतो. डिसेंबरमधे एमआरआय काढला, खड्डा बराच भरलेला दिसला. जिनाही कठडा धरून का होईना, बिनकळ उतरायलोय.

पण भरला कशानं? हाडाच्या भोकातनं आलेल्या रक्ताच्या गुठळीनं का इंजेक्शननं, डॉक्टर म्हणले नक्की सांगता येणार नाही. मलेशियातला 2013 साली छापलेला एक अभ्यास वाचला, 50 पेशंट, सगळ्यांच्या हाडाला भोकं पाडलेली, निम्म्यांना नुसती वंगणाची आठ इंजेक्शनं आणि निम्म्यांना त्यातच रक्तातल्या स्टेम सेल मिसळून. तुकडा काढून बघितला तर स्टेम सेलवाल्यांची गादी सरस, पण दोन वर्षांनी पेशंटला विचारलं तर दोन्हीकडं आराम जवळपास सारखाच. म्हणजे फरक गादीला, गड्याला नाही!

आणि मी मोजले 1 लाख 15 हजार. बिलावर ठळक ‘स्टेम सेल थेरपी’, पण मॅरोतल्या लाखभर पेशींत खऱ्या स्टेम सेल एक ते दहाच असतात. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमावलीत तर रक्ताच्या आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर बाकीचं अजून प्रयोगातच धरलंय. सही घेताना हे सांगायला पाहिजे होतं का नाही? तरी मशीनवाल्याएवढा डॉक्टरांचा राग येत नाही, ते फोन तरी उचलतात.

मांडी मात्र अजून जमत नाही. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात कडब्याच्या कोपीपुढं सगळे खाली बसून भज्जी-आंबिलावर तुटून पडलेले आणि मी पाहुण्यासारखा प्लास्टिकच्या खुर्चीवर. फिजिओ म्हणायलाय घाई करू नका, पोत्याला तर हातच लावू नका.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, सोमवारी अर्ज टाकायलोय. स्टॅबिलायझरची पावती सापडलीय.