एकपदरी ग्राफीन की सच्छिद्र आरजीओ: मेंदूच्या इलेक्ट्रोडसाठी काय घ्यावं?

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर; आरजीओ म्हणजे क्षपण केलेलं, म्हणजे ऑक्सिजन काढून टाकलेलं, ग्राफीन ऑक्साइड. आधी काम ठरवा. मेंदूतले संकेत टिपतानाच खालचा भाग सूक्ष्मदर्शकातून बघायचा असेल, तर सीव्हीडी पद्धतीचं (तापलेल्या तांब्यावर वायूतून वाढवलेलं) एकपदरी ग्राफीन. त्यात जेमतेम 2.3 टक्के प्रकाश अडतो. मात्र आधारपटल पॅरिलीन-सी या पारदर्शक प्लास्टिकचं हवं. पिवळसर पॉलिइमाइड निळा प्रकाश गिळतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

खरी डोकेदुखी पटल उचलण्याची. तांब्यावरच्या ग्राफीनवर पीएमएमए या प्लास्टिकचा थर द्या, अमोनियम परसल्फेटमध्ये तांबं विरघळवा, शुद्ध पाण्यात दोन-तीनदा धुवा. धुण्यात कंजुषी नको, उरलेलं तांबं पेशींना विषारी असतं. मग पटल आधारपटलावर उचलून घ्या आणि उभं ठेवून पाणी निथळू द्या. पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत इथेच घात होतो: खाली पाणी अडकतं आणि पीएमएमए काढायला अ‍ॅसिटोनमध्ये टाकताच पटल सुरकुततं, फाटतं. निर्वातात रात्रभर वाळवा. पॅरिलीन असेल तर 80 अंश सेल्सिअसपुढे तापवू नका.

मेंदूला विजेने उद्दीपन द्यायचं असेल, तर एकपदरी ग्राफीनचा नाद सोडा. त्याची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोफॅरडच. प्रवाह वाढवला की पाण्याचं विघटन सुरू. ग्राफीन ऑक्साइड गाळून, क्षपण करून केलेला सच्छिद्र थर आतपर्यंत आयन सामावतो, म्हणून 25 मायक्रोमीटर व्यासाचा इलेक्ट्रोडही पुरेसा विद्युतभार देतो. तो काळा, अपारदर्शक. क्षपण अर्धवट राहिलं तर रोध वाढतो, म्हणून रोपणाआधी सलाइनमध्ये 1 किलोहर्ट्झला प्रत्येक इलेक्ट्रोड मोजाच.