लंडन सहल: व्यवस्था चोख, घाई फार

कोल्हापुरातील एका सहल कंपनीबरोबर आम्ही नुकतीच सात दिवसांची लंडन सहल केली. व्हिसाची कागदपत्रे, विमानतळापर्यंतची गाडी आणि रोजचे भारतीय जेवण यांत बोट ठेवायला जागा नव्हती. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ते जेवण अळणी लागले, हा काही कंपनीचा दोष नव्हे.

तक्रार आहे ती घाईची. ज्या ब्रिटिश म्युझियमला प्रवेशशुल्कही नाही, त्याच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला आणि त्याच दुपारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील खरेदीसाठी मात्र तीन तास राखून ठेवले होते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेचा प्रवासही आम्ही हट्ट धरला म्हणूनच घडला. शेवटच्या संध्याकाळी टॉवर ब्रिजवर उभे असताना घरची ओढ आणि शहर सोडवत नसल्याची हुरहूर एकाच वेळी दाटून आली. १८७० मध्ये इंग्लंड पाहून परतताना फ्लॉरेन्स येथे निधन पावलेले करवीरचे छत्रपती राजाराम महाराज आठवले. कोल्हापूरच्याच कंपनीच्या मार्गदर्शकाने त्यांचे नावही घेऊ नये, याचे वाईट वाटले. पुढच्या वेळी व्हिसा आणि तिकिटे याच कंपनीकडे सोपवीन, दिवस मात्र स्वतः आखीन.