थीम पार्कचा वार्षिक पास: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या एका कार्डाबद्दल

पासचं नूतनीकरण करा म्हणून रोज मेसेज येतायत, त्यामुळे एकदाचं लिहूनच टाकतो. राईड कुठल्या, गर्दी कधी कमी असते, पार्किंगचं काय, हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार. पास वसूल होतो का? सुट्टीचे दिवस सोडून जायची तयारी असेल तर होतो. मला लिहायचंय ते तिथल्या कर्मचाऱ्यांबद्दल, कारण पासच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात 'तुमच्या कुटुंबासाठी खास क्षण' असं छापलेलं होतं. मोफत मिळणाऱ्या गोष्टीची इतकी जाहिरात केली की मला आधी संशय येतो.

सुरुवातीला संशय खराच वाटला. मुलीच्या वाढदिवसाला गेटवर नाव लिहिलेला बिल्ला मिळाला. मग झाडूवाल्यापासून तिकीट तपासणाऱ्यापर्यंत जो तो नाव घेऊन शुभेच्छा देणार. ती हरखून गेली. मी मात्र मनात हिशोब मांडत होतो: नाव बिल्ल्यावर आहे, वाचायचं आणि हसायचं, पार्कला खर्च काहीच नाही. डिस्नेच्या पार्कांतही असे बिल्ले फुकट देतात. पुढच्या वेळी बिल्ला नव्हता, तर आम्ही कोण हे कुणाच्या गावीही नव्हतं. पासवाल्यांचं हे एक दुखणंच आहे. लाड पहिल्यांदा येणाऱ्यांचे होतात, आपण म्हणजे घरचेच.

मग ती उंचीची पट्टी आली. मोठ्या राईडच्या तोंडाशी असते ती. (ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कातल्या 'स्पेस माउंटन' राईडला ४४ इंच लागतात, म्हणजे साधारण ११२ सेंटिमीटर. बाकी ठिकाणीही प्रत्येक राईडचा आकडा वेगळा.) मुलगी बोटभर कमी भरली. मी म्हटलं, बोटभरच तर आहे. तिथली कर्मचारी अजिबात बधली नाही. सीटवरचा दांडा अंगाच्या मापाने बसतो, वयाने किंवा हट्टाने नाही, हे तिने दोन वाक्यांत सांगितलं. डिस्नेत कर्मचाऱ्यांना 'कास्ट मेंबर' म्हणतात आणि त्यांना शिकवलेल्या क्रमात सुरक्षितता पहिली, सौजन्य दुसरं, सादरीकरण आणि कार्यक्षमता त्यानंतर. तो क्रम का, ते मला त्या पट्टीपाशी कळलं. नकार सौजन्याच्या वरचा असतो.

पण नकार देऊन ती थांबली नाही. खाली बसली, मुलीला टाचा टेकवायला लावून पुन्हा मोजलं, आणि जेवढं कमी भरत होतं तेवढीच कागदाची पट्टी कापून एका कार्डावर चिकटवली. "एवढंच वाढायचंय." कार्डावर छापलं होतं: उंची पूर्ण झाली की हे घेऊन या, कुटुंबासह रांगेशिवाय प्रवेश. मागे रांग खोळंबली होती, तरी तिने घाई केली नाही. बिल्ल्यावरचं माझं मत तिथेच बदललं. हे पाठांतर नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात काही महिने दुसरा विषय नाही. कार्ड कपाटाच्या दारावर, त्याच्या शेजारी पेन्सिलीच्या खुणा. राईड नव्या आल्या, जुन्या बंद पडल्या, शोच्या वेळा बदलल्या. आम्हाला फक्त ती कागदाची पट्टी भरून काढायची होती. तिला उंची भरली तेव्हा माझ्या बढतीलाही झाला नव्हता एवढा गाजावाजा झाला.

गेलो. पट्टीपाशी नवा मुलगा. मोजलं, उंची भरली. कार्ड बघून म्हणाला, ही योजना आता बंद आहे. कार्डावर मुदत छापलेली नाही, हे मी दाखवलं. तो म्हणाला, काउंटरवर विचारा. काउंटरवरची म्हणाली, सुपरवायझरला विचारते. सुपरवायझर म्हणाले, अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये लिहा. फॉर्ममध्ये 'खास क्षण' कसा वाटला, त्याला पाचपैकी तारे द्यायचे होते! मी तारे न देता रकानाभर लिहिलं. पट्टीवरच्या मुलावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्याच्या हातात काहीच दिलेलं नव्हतं. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, वर विचारावं लागत नाही, हे प्रसिद्धच आहे. इथे रांगेतली एक जागा द्यायला तीन माणसं आणि एक फॉर्म. आधीच्या बाईने दिलेलं वचन तिचं एकटीचं ठरलं, पार्कचं नाही.

मुलीने शेवटी माझा शर्ट ओढला, म्हणाली, रांगेतच उभं राहू. उभे राहिलो. माझ्या डोक्यात तेव्हा एक तारा पक्का झाला होता.

आणि राईडच्या फलाटावर, कोणी कुठे बसायचं ते ठरवणाऱ्या माणसाने तिच्या हातातलं चुरगळलेलं कार्ड पाहिलं. उलटंसुलटं करून वाचलं. कुणाला विचारलं नाही. ओळ ठरवणं एवढंच त्याच्या अधिकारात होतं, तेवढं त्याने वापरलं: आम्हाला अगदी पुढची सीट दिली, आणि दांडा तपासताना म्हणाला, "कागद भरून काढला वाटतं!"

माझं मत पुन्हा हललं, पण पार्कबद्दल नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्येच हवाई सुंदऱ्यांचा अभ्यास करून लिहिलं की हसू हेही नोकरीतलं श्रमच असतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या, पात्रांच्या पोशाखात वावरणाऱ्या कलाकारांनी युनियनच्या बाजूने मतदान केलं. जाहिरातीतले खास क्षण या माणसांच्या जिवावर चालतात. पार्क फक्त छपाई करतं.

तर तारे: पट्टीवाल्या बाईला आणि फलाटावरच्या माणसाला पाच-पाच, काउंटरला दीड, तोही पंखा चालू होता म्हणून. कुणाला असं कार्ड मिळालं तर मागे तारीख आणि सही घ्याच, बोलण्यावर राहू नका. पासचं नूतनीकरण मी करणार आहे, पण सवलतीच्या शेवटच्या दिवशी. त्याआधी कितीही मेसेज येऊ देत.