मालाच्या गाड्यांवरचं विनाइल: फुटाचा दर, फिटिंगचा दर आणि एका पावसाळ्यानंतरची अवस्था

आमचा कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला आणि चटण्यांचा छोटा धंदा आहे. दोन छोटे हत्ती, दोन्ही बंद बॉडीचे, आणि एक बोलेरो पिकअप. आंबा घाटातून रत्नागिरी आणि गडहिंग्लजवरून आंबोलीखाली सावंतवाडी, या दोन लाइनी रोजच्या. तिन्ही गाड्यांवर गेल्या उन्हाळ्यात विनाइल, म्हणजे जाहिरात छापलेली चिकट प्लास्टिक फिल्म, लावलं. पूर्ण पावसाळा त्यावरून गेला, आता पुन्हा ऊन तापायला लागलंय. आधीच सांगतो: सपाट पत्र्यावर पैसे वसूल, पिकअपवर डोक्याला ताप.

दर विचारलात की सगळे फुटात, म्हणजे चौरस फुटात बोलतात. आम्हाला फिटिंगसकट 45 रुपयांपासून 260 रुपयांपर्यंत आकडे मिळाले आणि प्रत्येक जण ‘एक नंबर माल’ म्हणत होता. फरक पडतो तो मालाच्या जातीत. स्वस्त विनाइल रोलरमधून ताणून बनवतात, त्यामुळे उन्हात ते आखडतं आणि कडा ओढल्या जातात. त्यातल्या त्यात पॉलिमेरिक प्रकार बरा टिकतो. कास्ट विनाइल पातळ ओतून बनवतात, साधारण 50 मायक्रॉन. ते पत्र्याच्या खाचाखोचांत बसतं आणि तिथंच राहतं. 3एम, एव्हरी डेनिसन दोघांकडेही दोन्ही जाती मिळतात, त्यामुळे नुसतं ‘3एमचं आहे’ हे उत्तर नाही. रोलवरचा मॉडेल नंबर कोटेशनवर लिहून घ्यायचा आणि लॅमिनेशन, म्हणजे प्रिंटवर चढवायचा पारदर्शक थर, तोही त्याच जातीचा आहे का ते विचारायचं. कास्टवर साधं लॅमिनेशन चढवलं की वरचा थर आखडतो आणि खालच्यालाही ओढतो, मग कास्टचे पैसे फुकट.

आम्ही छोट्या हत्तींना पॉलिमेरिक घेतलं. दोन्ही बाजू प्रत्येकी 7 बाय 5, मागचे दरवाजे मिळून 5 बाय 5, म्हणजे एका गाडीचे 95 चौरस फूट. प्रिंट आणि लॅमिनेशन 90 रुपयांनी 8,550, फिटिंग 20 रुपयांनी 1,900, डिझाईन 1,500. वर 18 टक्के जीएसटी, एकूण 14,101. कागदावर सरळ हिशेब. पण रोल असतो 54 इंची, म्हणजे साडेचार फूट रुंद. पाच फूट उंचीच्या बाजूला उभे दोन पट्टे लागतात आणि 35 फुटांच्या बाजूमागे 45 फूट रोल संपतो. ते वरचे 10 फूट कोणाच्या खात्यात? आमच्या पहिल्या फ्लेक्सवाल्याने ते ‘वेस्टेज’ म्हणून आमच्या माथी मारायला घेतले होते. दुसऱ्याकडच्या डिझाईनवाल्या पोराने मात्र चित्राची उंचीच सव्वाचार फुटांवर आणली. आता बाजूला एकच लांब पट्टा, मध्ये सांधा नाही, बिल कमी, आणि खाली पिवळ्या रिफ्लेक्टर टेपला मोकळी जागा. पासिंगला ती टेप बघतातच, त्यामुळे तिच्यावर विनाइल चढवून चालत नाही.

फिटिंगचे 20 रुपये जास्त वाटले होते. काम बघितल्यावर वाटले नाहीत. मसाल्याच्या गाडीला तेलाचा हात लागलेलाच असतो. आधी साबण, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसणं, रिव्हेटभोवती टाचणीने हवा काढून हीटगनने दाबणं, यातच अर्धा दिवस गेला. प्रिंट काढल्यावर लॅमिनेशनआधी ती एक दिवस वाळायला ठेवली होती. घाईत ओल्या शाईवर लॅमिनेशन केलं तर आतली सॉल्व्हंट गोंद खराब करते, म्हणून ‘आज द्या, संध्याकाळी घेऊन जा’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. गाडी उभी राहिल्याचा खर्च कोणीच कोटेशनमध्ये धरत नाही, तो आपण धरायचा.

आता पिकअप. तिच्या हौद्याचा पत्रा पन्हाळीदार. दुकानदार म्हणाला, इथंही पॉलिमेरिक चालतंय की. जुलैत घाटातल्या पावसात खोबणीतलं विनाइल उचललं, आत पाणी शिरलं, मग चिखल. तक्रार केल्यावर त्याने कास्ट लावून दिलं, पण मालाच्या दरातला फरक आमच्याकडूनच घेतला. वर जुनं काढायचे वेगळे पैसे. काढणं हे लावण्याइतकंच वेळखाऊ काम आहे, आणि एका जागी पूर्वी बाहेरून मारलेला रंगही विनाइलबरोबर सुटून आला. कास्ट मात्र अजून खोबणीत घट्ट आहे. म्हणजे एकाच ताफ्याला दोन दर लागतात, सरसकट एक दर देणारा कुठेतरी मारतो.

रंगाचं सांगायचं तर बाजूंवर तक्रार नाही. पिकअपच्या बॉनेटवरची मिरची मात्र फिकी पडलीय. आडव्या भागावर ऊन थेट पडतं, तिथं प्रिंट आधी उतरते आणि कंपन्याही अशा भागाला कमी वर्षांची हमी देतात. छोट्या हत्तींवरची आमच्या नावाची लाल अक्षरं प्रिंट न करता रंगीत विनाइलमधून कापून लावली होती, ती अजून लालभडक आहेत. कापीव अक्षरं मात्र फुटाच्या दरात बसत नाहीत. नको तो भाग चिमट्याने काढत बसावं लागतं, त्याची मजुरी वेगळी.

केबिन पूर्ण गुंडाळायचा सल्ला दोघांनी दिला होता. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, उगाच ती कटकट नको म्हणून पांढरीच ठेवली. धुताना प्रेशर गन हातभर लांब धरायला ड्रायव्हरला बजावलंय, कडांवर तर मारायचीच नाही.

पुढच्या महिन्यात तिसरा छोटा हत्ती येतोय. त्याच्या कोटेशनमध्ये माल, लॅमिनेशन, फिटिंग, पुढे काढण्याचा दर आणि डिझाईनची कोरलड्रॉ फाइल आमच्याकडे देणं, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत मागितलंय. दारावरचं मालकाचं नाव, पत्ता आणि वजनं मात्र पेंटरकडूनच. बाबूराव पेंटरांच्या गावात अजून चांगला हात मिळतो, आणि तो अक्षरावर पैसे घेतो, फुटावर नाही.