बोल्ट अ‍ॅक्शन, आठ महिन्यांनी: न लागलेल्या गोळ्यांचं काय?

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा फोंड्याच्या घरी पडवीतल्या टेबलावर बोल्ट अ‍ॅक्शन पहिल्यांदा मांडला. दुसऱ्या महायुद्धावरचा टेबलावर फाशांनी खेळायचा खेळ, 28 मिलिमीटरच्या पुतळ्यांचे सैनिक, नियम 2016 च्या दुसऱ्या आवृत्तीचे. चवथीचे दिवस सोडले तर भाचा बहुतेक रविवारी शिरोड्याहून येतो आणि आम्ही एक डाव पुरा करतो. आठ महिन्यांत आमचे खरे वाद एकाच गोष्टीवरून झाले: नेम चुकला की पुढे काय?

तिसऱ्याच डावात त्याच्या दहा रायफलवाल्यांनी माझ्या झुडपांआडच्या तुकडीवर गोळीबार केला. दर रायफलमागे एक फासा, एरवी त्यावर 3 किंवा वर पडलं की नेम लागतो. अंतर बारा इंचांहून जास्त म्हणून एक वजा, आडोसा म्हणून आणखी एक. म्हणजे 5 किंवा 6 हवेत. दहा फाशांत एकही पडला नाही. अठ्ठावन्नात एखाद्या वेळी असं होतं, ते झालं.

"मामा, दहा जणांनी गोळ्या झाडल्या आणि तुझ्या लोकांनी मान पण खाली घातली नाही?"

पोराचं बरोबर होतं. ह्या खेळात एक जरी गोळी लागली तरी, कोणी मरो न मरो, तुकडीवर पिन, म्हणजे ती दबल्याची खूण, येतो. दर पिनमागे तिचा नेम एकाने बिघडतो आणि आदेश पाळणंही अवघड होतं. सगळी रंगत ह्या पिनमध्येच आहे. पण एकही लागली नाही तर काहीच नाही. डोक्यावरून सूं करून गेलेली गोळीच माणसाला जमिनीला चिकटवते, आणि नेमकी तीच इथे हिशेबात नाही.

मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा, नियम मात्र फार सुंदर आहे. पहिल्या गोळ्याला 6 च लागतो. तो चुकला आणि लक्ष्य जागचं हललं नाही, तर पुढच्या फेरीत 5 चालतो, मग 4. नोव्हेंबरातल्या एका डावात भाच्याची मशीनगन पडक्या घरात मोक्याच्या जागी बसली होती. माझे दोन गोळे वाया गेले. तिसऱ्या फेरीला तो तुकडीला आदेश द्यायचा फासा मुठीत धरून त्या घराकडे बघत राहिला. हलवावी तर गोळीबार बुडतो, ठेवावी तर आता 4 लाच मार. ठेवली. मला 5 पडले. वाया गेलेल्या दोन गोळ्यांनी त्याला असं कात्रीत पकडलं होतं.

म्हापशाच्या मित्राकडे वॉरहॅमर 40,000 ह्या अशाच पुतळ्यांच्या दुसऱ्या खेळाची जुनी आवृत्ती खेळलो. त्यात चुकलेला गोळा एका फाशावरचा बाण दाखवील त्या दिशेला सरकतो. 2017 च्या आठव्या आवृत्तीत तो फासा काढला. गंमत येते, पण बाण नक्की कुठे वळलाय ह्यावर वाद घालण्यात वेळ जातो.

रायफलींसाठी आम्ही आधी घरचा एक नियम केला: 1 पडलेली गोळी मागच्या तुकडीकडे जाते. चार डावांत सोडला, खेळ तासभर लांबायला लागला. सप्टेंबरपासून दुसरा चालू आहे. पाच किंवा जास्त फासे टाकूनही एकही लागला नाही, तर एक फासा आणखी टाकायचा. 4 किंवा वर पडलं तर पिन. दगडी भिंतीआडच्या शत्रूवर लांबून मारताना मशीनगनच्या पाच फाशांना 6 च हवे असतात, आणि शंभरातल्या चाळीस वेळा एकही पडत नाही. आता त्यातल्या निम्म्या वेळा निदान पिन मिळतो. मशीनगनसमोरून धावायचा विचार भाचा आता दोनदा करतो. पण मोठ्या रायफल तुकड्यांना ह्याचा आयता फायदा मिळतोय, तो मला पटत नाही. येत्या रविवारपासून हा नियम फक्त मशीनगनला लावून बघणार आहोत.